एकटा मागे ठेवायचा नाही

सकाळी आंबोलीच्या रानात केतकीच्या आवाज ओळखणाऱ्या पेटीने एका चष्मेवाला पक्ष्याचं गाणं ऐकलं आणि निकाल दिला, “वेगळी उपजाती. शिल्लक एक.” दुपारच्या आत ड्रोन आले आणि त्या इवल्याशा पिवळ्या पक्ष्याला जाळीत घालून जपणूक केंद्रात घेऊन गेले. जोडी असती तर राहू दिली असती. एकटा मागे ठेवायचा नाही, असा नियमच होता.

संध्याकाळी ती वेणूमावशीच्या अंगणात चहा पीत होती. पेटी शेजारी चालूच होती. मावशीने रोजच्यासारखा दरीकडे तोंड करून कुकारा घातला. या वाडीचा कुकारा उंच चढून अचानक तुटायचा. पूर्वी समोरच्या डोंगरावरून उत्तर यायचं. आता तिकडची घरं बंद होती.

“कोण ऐकतंय, मावशी?”

“कोणी नाय आयकलां तरी घालूचो. सवय आसा गो.”

“वेगळी उपजाती,” पेटी म्हणाली. “शिल्लक एक.”

पेटीला आवाज कळायचा. गळा कोणाचा, हे ती विचारत नसे.

केतकीने घाईने नोंद रद्द करायचं बटण दाबलं, पण निकाल केंद्रात पोचला होता. दरीपलीकडे ड्रोनची घरघर सुरू झाली. जोडी! तिने तोंडाशी हात धरले आणि लहानपणी इथेच शिकलेला कुकारा जीव तोडून घातला.

“सर्वत्र आढळणारी,” पेटी म्हणाली. “नोंद नको.”

मावशीला हसू आलं. “पुण्यात ऱ्हवान तुझो गळो बदललो गो. असो घालूचो.”

आणि केतकी तिचं तोंड दाबायच्या आत तिने पुन्हा कुकारा घातला. घरघर अंगणाकडे वळली.