पिवळ्या पट्ट्या

म्हाताऱ्या शिंप्याला कंपवाताने घेरलं होतं. पावलं मधेच खिळायची, नजर धूसर झालेली, आणि लघवी तर दम धरायचं नाव घेत नसे. सुनेने पलंगापासून मोरीपर्यंत कच्च्या टाक्यांसारख्या पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. पट्टी दिसली की खिळलेलं पाऊल उचललं जाई, आणि एकेक ओलांडत तो वेळेवर पोचे.

त्या दुपारी मोरीकडे जाताना खोलीच्या दारातच पाय अडले. पण समोर एक पट्टी लख्ख दिसली, मग दुसरी, मग तिसरी. कपडे कोरडे राहिले.

“पोरी, अब्रू राखलीस गं,” तो म्हणाला.

“मी कुठली, मामंजी? पट्ट्या तर सकाळी फरशी पुसतानाच उखडल्या. नव्या आणायला निघालेय.”

फरशी खरंच मोकळी होती. त्याने फरशीलाच हात जोडले.

तशी दाराशी एक पिवळी पट्टी हळूच उमटली, आणि सून खाली न बघताच, पाय उचलून, ती ओलांडून गेली.