पाच खडे

"हात जरा वर घ्या, सर," टेलर म्हणाला, आणि सरांनी शाळकरी पोरासारखे दोन्ही हात वर केले.

टेप छातीभोवती फिरली. सरांची मापं टेलरला तोंडपाठ होती, तरी दर वेळी तो ती नव्यानं घ्यायचा. गावात त्याची ख्याती वेगळीच होती. लग्नाचा कोट पहिल्या पोराच्या वाढदिवसाला मिळतो, असं लोक म्हणायचे. सरांचं काम मात्र त्यानं एकदाही उशिरा दिलं नव्हतं. गुरूचा मान, दुसरं काय, असं सर समजायचे आणि मनातून आणखी खजील व्हायचे.

घरी कपाट शर्टांनी भरलं होतं. "या वयात कुठे मिरवायचंय हो तुम्हाला?" बायको विचारायची. तिला काय सांगणार?

परवा ते दोघं मुलीकडे राहायला जाणार होते, कायमचे. तीस वर्षं पोटात ठेवलेलं आज बोलले नाहीत, तर पुन्हा बोलणं होणार नव्हतं.

"बस जरा," सर म्हणाले. "तुझ्याशी बोलायचंय."

"उद्या संध्याकाळी तयार ठेवतो, सर. काळजी नको."

"शर्ट गेला खड्ड्यात. बस."

टेलर मशीनमागच्या स्टुलावर बसला. टेबलावर कापड पसरलेलं होतं. ते उडू नये म्हणून एका टोकावर कात्री होती आणि दुसऱ्या टोकावर खडूनं माखलेला एक लहानसा दगड. सरांची नजर नेहमीप्रमाणे खाली फरशीवर होती. या दुकानात मान वर करून बघणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"ती फायनल आठवते?"

"विसरेन कशी?"

आसपासच्या बारा शाळांची ती स्पर्धा. जिंकणाऱ्या संघाच्या कॅप्टनला शहरातल्या क्रीडाशाळेत प्रवेश मिळणार होता. राहणं, जेवण, सगळं तिथंच. सरांचा कॅप्टन म्हणजे हाच. बॅट हातात आली की पोर वेगळंच दिसायचं. घरी तो आणि अंथरुणाला खिळलेली आई, बस. सर स्वतः तिच्याकडे गेले, तासभर समजावलं, आणि तिनं डोळे पुसत होकार दिला. पोराला कुणी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? असल्या संधीला कोण नको म्हणतं?

अंपायर म्हणून दोन्ही शाळांचे एकेक मास्तर उभे राहायचे. सर डाव्या खिशात सहा खडे ठेवत आणि बॉल पडला की एक उजव्या खिशात टाकत. डावा खिसा रिकामा झाला की ओव्हर संपली. ओढ्यातून स्वतः निवडून आणलेले करडे खडे, प्रत्येकावर पांढरी रेघ. सरांचा निकालही तसाच, काळ्या दगडावरची रेघ. त्यांच्याशी हुज्जत घालायची कुणाची छाती नव्हती.

शेवटची ओव्हर सुरू झाली तेव्हा कॅप्टन सरांच्याच टोकाला उभा होता. ऊन मी म्हणत होतं; सरांनी रुमाल काढून तोंड पुसलं. पहिल्या बॉलवर एक रन निघाली आणि तो खेळायला समोर गेला. मधे एक वाईड पडला; त्याचा खडा हलवायचा नसतो. मग त्यानं सणसणीत चौकार मारला. जिंकायला दोन रन उरल्या. सरांनी डाव्या खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. त्यांनी स्टंपवरच्या बेल्स उचलल्या.

वाईड धरून सहा बॉल पडलेच होते. मोजणाऱ्यांचेही सहाच भरले. कॅप्टननं हूं की चूं केलं नाही. बॅट काखेत मारली आणि मान खाली घालून निघून गेला.

"घरी जाऊन कपडे बदलले," सर म्हणाले, "तेव्हा उजव्या खिशातून पाचच खडे निघाले." त्यांनी सोबत आणलेली पिशवी उघडली आणि खडे एकेक करून टेबलावर ओळीनं मांडले. "तुझा एक बॉल मी खाल्ला रे. कप देऊन झाला होता. उठून सांगायला हवं होतं, पण माझी जीभ रेटली नाही. माझ्या नावाला जपलं मी. त्यानंतर अंपायर म्हणून कधी उभा राहिलो नाही. स्पर्धाही बंद पडू दिली. तू कुठल्या कुठे गेला असतास, आणि इथं माझ्या बाह्या शिवतोयस."

टेलरनं ओळीतले खडे बोटानं मोजले.

"आई त्यानंतर चार वर्षं होती, सर," तो हळूच म्हणाला. "शेवटपर्यंत मीच होतो तिच्याजवळ."

"ते तुझं मोठं मन. मला माफ कर, एवढंच मागायला आलोय."

"तुम्ही मैदानावर येणं का सोडलंत, ते आज कळलं मला." टेलर म्हणाला. "मला वाटायचं, तुम्ही माझ्यावर रागावलात. कितीदा सांगायचं ठरवलं. तुम्ही आलात की मुद्दाम पुढ्यात काढून ठेवायचो. तुम्ही कधी बघितलंच नाही."

"काय बघितलं नाही?"

टेलरनं कापडाच्या टोकावरचा दगड उचलला. शर्टाच्या कडेनं त्यावरचा खडू पुसला. खाली करडा रंग निघाला आणि पांढरी रेघ. तो त्यानं पाच खड्यांच्या ओळीत शेवटी ठेवला.

"तुम्ही रुमाल काढलात तेव्हा पडला होता," तो म्हणाला. "मी त्याच्यावर पाय ठेवला."