खनिजाच्या ट्रकातली माटोळी
खाणी बंद पडल्या आणि गौरेशचा ट्रक अंगणात उभा राहिला. चतुर्थी तोंडावर येताच तो चाचरत म्हणाला, "आई, यंदा मंगलच्या पाटल्या गहाण ठेवूया." शेवंतीबाईंनी सुनेकडे पाहिले आणि मान ताठ केली. "सुनेचे हात रिकामे करून गणपती आणायचा? माझ्या घरात चालायचे नाही. गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या माटोळीला लागणारी रानफळे लोक साखळीच्या बाजारात विकत घेतात. आपल्या डोंगरावर ती लोंबताहेत. कोयता काढ!" "खनिजाच्या ट्रकात रानफळे? लोक हसतील गे आई!" "हसू देत. हसणारेच गिऱ्हाईक होतात." साखळीच्या बाजारात दुपारपर्यंत ट्रक मोकळा झाला, चतुर्थीचा खर्च निघाला. शेवंतीबाईंनी बाजूला राखलेला सुपारीचा घोस पाहून एका गृहस्थाने पाकीट उघडले. "दुप्पट देतो, बाई." "ठेवा ते खिशात," त्या म्हणाल्या. "हा आमच्या माटोळीचा. आमच्याकडेही गणपती येतोय, यंदा वाजतगाजत येतोय!"