वर गेलेला हात

बंड केलेल्या बेटावरचे सगळे पुरुष ठार करावेत, असा ठराव अथेन्सच्या सभेत येणार होता. फिलोन कुंभार विरोध करायलाच आला होता; त्याच्या बहिणीचं सासर त्याच बेटावर होतं.

वक्ता थ्रासिप्पोस उठला. कालपरवापर्यंत तो बंदरावर मासे विकायचा. आता सभा त्याच्या शब्दाबाहेर नव्हती. युद्धात मेलेल्या पोरांची नावं तो हलकेच घेत गेला. फिलोनच्या पोराचं नाव आलं, तेही त्या पोराच्याच आवाजात.

"ठरावाच्या बाजूनं कोण?"

सगळीकडे हात वर झाले.

"तुझी बहीण तिथं आहे ना रे?" शेजारचा चांभार कुजबुजला.

"म्हणून तर विरोध करतोय," फिलोन म्हणाला.

चांभार त्याच्या डोक्याच्या वर बघत राहिला. फिलोननं मान वर केली. त्याचा हात उंच उभा होता. तो काही केल्या खाली येईना.