वाया जाणारी वाफ

इन्स्पेक्टरनी बॉयलरच्या फुटलेल्या नळीचा उभा चिरलेला तुकडा बाळगोंडाच्या हातात ठेवला. देवी आलेल्या तोंडासारखे आत खड्डेच खड्डे होते.

"पाण्यात विरघळलेली हवा लोखंड खाते," ते म्हणाले. "म्हणून बॉयलरच्या आधी त्या वरच्या टाकीत पाणी तापवून हवा बाहेर काढतात. थोड्या वाफेबरोबर ती हवा बाहेर जायची वाटच कुणीतरी व्हॉल्व्ह आवळून बंद केली होती."

"तिथं ड्यूटी इस्माईलची," साखर कारखान्याचे साहेब घाईघाईनं म्हणाले. "तोच भाजून गेला. आता मेलेल्याला काय विचारणार?"

इस्माईलची बायको त्याचा डबा न्यायला आली होती. ती बाळगोंडाकडं वळली. "भाऊ, वीस हंगाम तुम्ही दोघं एका भट्टीपुढं राबलात. त्यांनी केलं असंल असं?"

गेल्या हंगामात टाकीवरच्या पाइपातून रात्रंदिवस वाया जाणारी वाफ बघून बाळगोंडाचा जीव तुटायचा. "असू दे की, पहिल्यापासून चालू आहे," इस्माईल म्हणायचा. एका सकाळी बाळगोंडानंच वर चढून व्हॉल्व्ह आवळला. वाफ वाचली, चिपाडाचं जळण वाचलं. प्रजासत्ताक दिनाला साहेबांनी स्वतःच्या हातानं त्याला कुकर बक्षीस दिला, तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या इस्माईलनं वाजवल्या होत्या.

साहेब आता त्याच्याकडं एकटक बघत होते.

त्यानं नळीचा तुकडा टेबलावर पालथा ठेवला.

"चुकून झालं असंल, भाभी," तो म्हणाला.