मैनेचं दूध

शनिवार पेठेतल्या बोळात म्हैस येऊन उभी राहिली तेव्हा नऊ वाजले होते, आणि त्या मैनेपेक्षा तिच्या मालकिणीच्या, सोजरबाईच्याच तोंडाला फेस आला होता. हडपसर तेव्हा गावच होतं. तिथून ती चालत आली होती. पहाटेची धारही काढली नव्हती. मैनेची कास टम्म भरलेली. मागून डोक्यावर पेंडीची पाटी घेऊन तिचा लेक सर्जेराव येत होता. एरवी कालव्याकाठच्या वाटेनं सायकलवरून किटली आणून या दारात रतीब घालायचा तो. आज आईनं सायकलला हात लावू दिला नव्हता.

काल कुसुमताईंनी त्याला दारातूनच सांगितलं होतं, "उद्यापासून दूध नको. पाणी आमच्याकडे नळाला येतं."

घरी येऊन त्यानं सगळं म्हशीवर ढकललं. म्हणे, मैना म्हातारी झाली, दूध पातळ पडलं, आता तिला बाजार दाखवू. सोजरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मैना तिनं पारडीपासून वाढवलेली. तिच्या दुधाला कुणी नाव ठेवायचं?

"घ्या बाई, तुमच्याम्होरं पिळते," ती म्हणाली. "मग बोला."

कुसुमताई दारात आल्या. त्यांच्या कडेवर सात महिन्यांची नात होती, हातपाय काडीसारखे. आईचं दूध पुरेना म्हणून पोरीला हे दूध सुरू केलं, तर तीन महिन्यांत वजन वाढायच्या ऐवजी घटलं. वर सारखे जुलाब. डॉक्टरांनी विचारलं होतं, "पोरीला पाजता तरी काय?"

नवखी जागा, भोवती बघे. मैनेनं पान्हा चोरला. दहा मिनिटं थेंब नाही. मग सोजरबाईनं पेंडीची पाटी मैनेपुढे सरकवली, पाठीवरून हात फिरवला, कानाशी काहीतरी पुटपुटली. धार लागली. बघता बघता भांडं फेसानं भरलं.

कुसुमताईंचे यजमान दिगंबरपंत शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. दूध तपासायची काचेची नळी घेऊन ते बाहेर आले.

"फेस बसू द्या. दूध निवू द्या," ते म्हणाले. घाई म्हणून त्यांनी आयुष्यात कशाची केली नव्हती. चांगला अर्धा तास अख्खा बोळ त्या भांड्याकडे बघत बसला. मग त्यांनी नळी दुधात सोडली, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून आकडा वाचला.

"एक थेंब पाणी नाही. याला म्हणतात दूध."

सोजरबाईची छाती अभिमानानं भरून आली. तिनं मैनेच्या गळ्यावर थाप मारली. सगळा बोळ त्या म्हशीकडे कौतुकानं बघत होता.

कुसुमताई ओशाळल्या. "माफ करा, सोजरबाई. परवा या नळीनं दूध मोजताना आमचंच काहीतरी चुकलं असणार. उद्यापासून रतीब पुन्हा सुरू करा."

"व्हतंय आसं कधीमधी," सर्जेराव घाईघाईनं म्हणाला आणि त्यानं दावं हातात घेतलं. "चल आये, उशीर झाला."

सोजरबाई हलली नाही. नाव राहिलं होतं, गिऱ्हाईक परत मिळालं होतं. आता गप्प बसलं की भागत होतं. कुसुमताईंच्या कडेवरची पोर किरकिरली. रडायचंही त्राण नव्हतं तिच्यात. सोजरबाईनं लेकाच्या तोंडाकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

तिनं मान ताठ केली आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तुमचं काय बी चुकलं न्हाई, बाई. किटलीत कालव्याचं पानी ह्यानं घातलं. उद्यापास्नं दूध मी सोता आणीन. खोट माज्या म्हशीत न्हाई, माज्या पोटी निपजलीया."