घरमालकाचं नाव

"आल्झो, म्हणजे तर मग, पुन्हा एकदा सांगा," फ्राऊ ब्रांट म्हणाल्या. "घर दिलं गेलंय, असं त्यांनी कधी कळवलं?"

"शनिवारी सकाळी आठला." मालिनीने मोबाइल टेबलावर सरकवला. "आणि कात्रिनला आलेलं उत्तर हे. त्याच दिवशी दुपारचं."

कात्रिन मालिनीच्या लॅबमधली. मालिनीला नकार आल्यावर तिने त्याच घरासाठी अर्ज केला होता. पगार तोच, घरात माणसं तितकीच, मजकूर शब्दन् शब्द सारखा. तिला सोमवारी घर बघायला बोलावलं होतं.

जर्मनीतल्या येनात घर शोधता शोधता मालिनी आणि तिचा नवरा प्रणव यांचे सात महिने गेले होते. राहतं घर मालकाला स्वतःच्या मुलीसाठी हवं होतं. मार्चअखेर सोडणं भाग होतं. बेचाळीस अर्ज झाले. बहुतेकांनी साधं उत्तरही दिलं नाही. गाव सोडावं, तर मालिनीच्या पीएचडीचं शेवटचं वर्ष, आणि लेकीला, ओवीला, दीड वर्ष थांबून कीटात, म्हणजे पाळणाघरात, मिळालेली जागा. या नव्या घराच्या मालकाने मात्र स्वतःहून फोन केला होता. इतकं आपुलकीने बोलला, की जाहिरातीतले फोटो बघून ओवीचा पलंग कुठे ठेवायचा हेही मालिनीने ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन ओळींचा मेसेज. त्या दिवशी ती रडली नाही. तिने भांडी घासली, एक पेला फोडला, आणि मग कात्रिनला फोन लावला.

भेदभावाच्या तक्रारींसाठी मोफत सल्ला देणारं हे ऑफिस कात्रिननेच शोधून दिलं होतं.

"घर भाड्याने देताना माणसाचं मूळ बघून नकार देणं हा फौजदारी गुन्हा नसला, तरी बेकायदा आहेच," फ्राऊ ब्रांट सांगत होत्या. "दोन महिन्यांच्या आत लेखी दावा करायचा. असा जोडीचा अर्ज पुरावा म्हणून उपयोगी पडतो. फोनवर त्यांनी काय काय विचारलं होतं?"

"नोकरी काय. घरात किती जण. मूळचे कुठले."

"मूळचे कुठले! गेनाऊ, अगदी हेच." फ्राऊ ब्रांटनी त्या वाक्याखाली दोनदा रेघ मारली. "आता मालकाचं नाव सांगा. एकदा पत्र गेलं की माघार नाही, तेवढं लक्षात घ्या."

शेजारी बसलेला प्रणव मराठीत पुटपुटला, "मालिनी, नाव नको घालूस. उद्या सगळीकडे होईल. लोक आपल्यालाच बोलतील."

"सात महिने तूच ओरडत होतास ना, एकाला तरी कोर्टात खेचू म्हणून?"

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं?"



"तुमचे मिस्टर काय म्हणतायत?" फ्राऊ ब्रांटनी विचारलं.

"काही नाही," मालिनी म्हणाली. "नाव लिहून घ्या. गुरुदत्त." आणि पुढचं आडनाव तिने एकेक अक्षर सुटं करून सांगितलं.

फ्राऊ ब्रांटचं पेन मध्येच थांबलं. "हा माणूस भारतीय आहे?"

"माझ्याच जिल्ह्यातला. फोनवर आम्ही मराठीतच बोललो."

"मग मला समजत नाही. तुमच्याच भागातल्या माणसाने तुम्हाला 'मूळचे कुठले' असं कशासाठी विचारावं?"

"आडनावावरून त्याला माझी जात कळेना, म्हणून," मालिनी म्हणाली. "मी गावाचं नाव सांगितलं. तर म्हणाला, गावात की गावाबाहेर?"